नानांच्या दंडावरची टिकली

कसारा घाटातल्या एका वळणावर कांद्याने भरलेला ट्रक थांबला होता. त्यात चालक नव्हता. गेल्या काही वर्षांत आग्रा महामार्गावरच्या निम्म्या ट्रकांत तो नसायचाच. ट्रकच्या यंत्राला समोरची मेंढरं दिसत होती, मेंढरांमागचा धनगरही दिसत होता. पण तो हात हलवून "ये, डावीकडून काढ" म्हणतोय की "थांब" म्हणतोय, हे काही यंत्राला उमगत नव्हतं. अशी पंचाईत झाली की ट्रक जागच्या जागी उभा राहायचा आणि नाशिकला हाक मारायचा.

नाशिकला सातपूरमधल्या एका थंडगार हॉलमध्ये यामिनी बोरसेने ती हाक घेतली. तिच्या पडद्यांवर घाट उघडला. तिने धनगराकडे क्षणभर पाहिलं, स्टिअरिंगवर हात ठेवला, हॉर्नला हलकेच बोट लावलं आणि तो अवजड ट्रक डोंगराच्या कडेने मुंगीच्या पावलांनी पुढे काढला. शेवटचं मेंढरू मागे पडल्यावर तिने ट्रक पुन्हा यंत्राच्या हवाली केला.

'सारथ्य' कंपनीत यामिनीसारखे बरेच दूरचालक होते. सपाट रस्त्याचं टेबल कुणालाही जमायचं. घाटाचं टेबल मोजक्यांनाच मिळायचं, आणि यामिनी त्या मोजक्यांतली पहिली होती.

"सुरेख काढलास," पाळीप्रमुख फरीदा शेख तिच्या मागे येऊन म्हणाल्या. मग त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर गेली. "आणि तुझी टिकली बघ! एवढी कामं करूनही हिरवीगार. काय खातेस काय तू?"

यामिनी हसली.

टिकली म्हणजे सरकारी भाषेतला ताणमापक. कपाळावरच्या टिकलीएवढीच चकती, दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. माणूस ताणाखाली असला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं, आणि त्याचा अंश घामातही उतरतो. चकतीतली कृत्रिम रेणूंची जाळी तो अंश पकडते आणि मोजते. निरोगी माणसात हे रसायन सकाळी डोंगरासारखं चढतं आणि दिवस कलेल तसं पायथ्याशी येतं. कायम दमलेल्या माणसाचा डोंगर मात्र खचलेला असतो. त्याला सकाळी शिखर नसतं आणि संध्याकाळी उतारही नसतो.

टिकली नाडीही ऐकते. निरोगी हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर जरा लांबतं, जरा आखडतं. ताण अंगात मुरला की ही लवचीकता जाते आणि हृदय पोलिसांच्या कवायतीसारखं एका ठेक्यात पडायला लागतं. या सगळ्याचा हिशोब करून टिकली एक रंग दाखवते. हिरवा, पिवळा किंवा लाल.

ज्यांच्या थकव्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो अशा सगळ्यांना कायद्याने टिकली सक्तीची झाली होती. लाल झाली की टेबल आपोआप बंद आणि सक्तीची विश्रांती. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. 'सारथ्य'ने त्याला आपली एक पुस्ती जोडली होती. ज्याची टिकली दुसऱ्यांदा लाल होईल, त्याने घाट सोडून सपाटीवर जायचं.

यामिनीची टिकली एकदा लाल झाली होती. सासूबाई गेल्या त्या दिवसांतली गोष्ट. त्यानंतर सासरे, भास्करराव बोरसे, धुळ्याचं घर बंद करून नाशिकला राहायला आले. शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे. यामिनीचा नवरा हर्षल साक्रीच्या सौर प्रकल्पावर कामाला होता आणि शनिवार-रविवारीच घरी यायचा. त्यामुळे आठवडाभर घरात दोघंच असायची, सून आणि सासरे.

एका सकाळी टिकली पिवळी दिसत होती. यामिनी ओट्याशी उभी राहून रडकुंडीला आली होती.

"आज ना उद्या लाल होणार, नाना. घाट गेला माझा."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ती टिकली माणूस ओळखते का गं?"

"नाही. कायद्यानेच मनाई आहे. कोण, कुठे, हे तिने विचारायचं नाही. फक्त ताण मोजायचा."

"मग लाव माझ्या दंडाला," नाना बाही वर करत म्हणाले. "मी काय, दिवसभर झाडांना पाणी घालतो आणि गाणी ऐकतो. मला कसला आलाय ताण?"

थट्टेतच सुरू झालं ते. टिकलीचा रंग कंपनीला कळवणारा यामिनीचा जुना फोन नानांच्या खिशात राहायला लागला, टिकली त्यांच्या दंडावर, आणि कंपनीच्या पडद्यावर यामिनी बोरसे नावासमोर हिरवा ठिपका.

एक दिवस फरीदा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "वरून निरोप आलाय. तुझ्यासारखी स्वस्थ टिकली कंपनीत कुणाची नाही. तू सगळ्यांसमोर बोलायचं. तुझा दिवस कसा जातो, कुठल्या सवयी आहेत, काम आणि घर कसं सांभाळतेस."

यामिनीला नकाराला कारण सुचेना. घरी आल्यावर तिने नानांना विचारलं, "तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

इतक्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. नाना खुलले. सकाळी ते सोमेश्वरच्या बाजूला फिरायला जात, पण व्यायाम म्हणून नाही. रोज एक नवी गल्ली शोधायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. येताना रोपवाटिकेतल्या माळ्याशी गप्पा. जेवताना रेडिओ बंद. "जेवण ऐकायचं असतं," ते म्हणाले. दुपारी वामकुक्षी, नंतर खालच्या मजल्यावरचे दोघे-तिघे येत आणि पत्त्यांचा डाव पडे. दिवसातून एकदा तरी कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, आणि एकदा तरी पोट धरून हसायचं.

"आणि संध्याकाळी?" यामिनीने विचारलं.

"संध्याकाळी काय, तू येतेस," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या भरायला उठले.

भाषण झकास झालं. नवी गल्ली, मुकाट्याने जेवण, माळ्याच्या गप्पा, सगळं यामिनीने स्वतःचं म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी तर रडवेल्या चेहऱ्याने येऊन आभार मानले. कंपनीने खूश होऊन घाटाच्या टेबलाबरोबर नव्या लोकांना शिकवायचं कामही तिच्याकडे दिलं. आता ती आणखी उशिरा घरी यायला लागली. आली तरी कानात घाट घुमत असायचा. एकदा उतारावर तिचा ब्रेक उशिरा लागला. तिच्या आधी ट्रकच्या यंत्रानेच तो लावला म्हणून निभावलं. ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

पावसाळा सरता सरता फरीदा मॅडमनी तिला आपल्या केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"यामिनी, मी आता विचारतेय ते मैत्रीण म्हणून विचारतेय. घरी काही त्रास आहे का तुला?"

"नाही. का?"

"तुझी टिकली दिवसभर छान असते. पण संध्याकाळी, खाली यायच्या वेळेला, ती चढते. रोज. तू घरी पोचतेस त्याच वेळेला. पहिल्यांदा मला वाटलं, असेल एखाद्या दिवशी. पण महिनाभर हेच चाललंय. गेल्या महिन्यात एक दिवस तर सकाळपासून पिवळी होती. काय झालं होतं त्या दिवशी?"

यामिनीला काहीच आठवेना.

"हर्षल तर साक्रीला असतो," फरीदा मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या. "मग घरात असतं कोण? सासरेच ना? बोलतात का काही? हात उगारतात? लाजू नकोस. अशा बायका मी पाहिल्या आहेत, ऑफिसात वाघीण आणि घरी जीव मुठीत. परवा समुपदेशक तुझ्या घरी येतील. संध्याकाळची चढण दिसली की घरच्यांची चौकशी करावीच लागते. नियम आहे."

संध्याकाळी यामिनीच्या घरात कुणाचा तरी जीव मुठीत येत होता, हे खरं होतं. फक्त तो जीव तिचा नव्हता.

त्या दिवशी ती डोकं दुखतंय सांगून दुपारीच निघाली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून हसण्याचा गडगडाट येत होता. नानांचा आवाज इतका मोकळा असतो, हे तिला माहीतच नव्हतं. ती जिन्यातच थांबली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने आत खुर्च्या सरकल्या.

"आवरा आता, मंडळी," नाना म्हणत होते. "यामिनी यायची वेळ होईल. दमून येते बिचारी, तिला आवाज सहन होत नाही."

"अहो, अजून ऊन आहे बाहेर," कुणीतरी म्हणालं.

"असू दे. मला सगळं जागच्या जागी करायला वेळ लागतो."

मंडळी तिच्या बाजूने जिना उतरून गेली. यामिनी आत शिरली तेव्हा नाना गुडघ्यावर बसून सतरंजी गुंडाळत होते. तिला बघताच ते चटकन उठले. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी पुसल्यासारखं आवरलं, आणि त्यांची नजर आधी तिच्या कपाळावर, मग हातावर आणि मग चपलांवर गेली. आकाशाकडे बघून पावसाचा अंदाज घ्यावा तशी.

"लवकर आलीस? बरं नाही का? चहा ठेवू, की नको? नको असेल तर राहू दे."

"नाना," यामिनी म्हणाली, "तुम्ही मला घाबरता?"

"छे! घाबरतो कशाला?" ते खुर्चीवर बसले आणि गुडघ्यावर हात फिरवत राहिले. "सांभाळतो म्हण. तू चपला जोरात काढल्यास की समजायचं, आज बोलायचं नाही. हळू काढल्यास तर एखादं वाक्य चालतं. तुझी चूक नाही गं त्यात. तू केवढं मोठं काम करतेस."

"गेल्या महिन्यात एक दिवस तुम्हाला सकाळपासून बरं नव्हतं. कुठला दिवस होता तो?"

"हिला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी," नाना म्हणाले. "हर्षलचा फोन आला होता. मीच त्याला म्हटलं, यामिनीची जादा पाळी आहे, तिला नको आठवण करून देऊ. मी वरणबट्टी केली होती. हिला आवडायची."

यामिनीला ती वरणबट्टी आठवली. पडद्याकडे बघत तिने चार घास खाल्ले होते आणि मीठ कमी असल्याचं सांगून ताट सरकवलं होतं. ती खाली सतरंजीवरच बसली. पुष्कळ दिवसांनी तिला रडू आलं, आणि ते लवकर थांबेना. नाना गोंधळून गेले. शेजारी बसावं की पाणी आणावं, हे न कळून त्यांनी दोन्ही केलं.

समुपदेशक येणार हे तिने सांगितल्यावर मात्र ते एकदम ताठ झाले. "येऊ दे की. मी सांगेन, हो, मी खाष्ट सासरा आहे, टाकून बोलतो. या वयात मला कोण फासावर देतंय? तुझा घाट तरी राहील."

"आणि लोक तुमच्याकडे कसं बघतील?"

"बघू देत. धुळ्याला निघून जाईन."

यामिनीने त्यांची बाही वर केली आणि टिकली हळूच सोलून काढली. खाली लहानसा पांढरा गोल उमटला होता. मग कपाटातून नवी टिकली काढून तिने स्वतःच्या दंडाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर पोचली तेव्हा तिच्या टेबलाचा ठिपका लालभडक होता, आणि टेबल सुरूच झालं नाही.

फरीदा मॅडमनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच यामिनीला जास्त जड गेलं.

"घाटाच्या पायथ्याशी कसारा आहे, यामिनी," त्या म्हणाल्या. "माणसं राहतात तिथे. तू लाल असताना त्यांच्या डोक्यावरून गाड्या उतरवत होतीस. आणि मी तुला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या."

"एकदा माझा ब्रेक उशिरा लागला होता," यामिनी म्हणाली. तेही सांगून टाकायचं, असं तिने जिना चढतानाच ठरवलं होतं.

तिला निलंबित केलं. कंपनीने सगळ्यांच्या टिकल्या तपासायला घेतल्या, तेव्हा भलतंच बाहेर आलं. कुणाची टिकली आईच्या दंडावर होती, कुणाची झोपाळू मेव्हण्याच्या. पिंपळगावच्या एका पठ्ठ्याने तर ती घरच्या म्हशीच्या कानामागे चिकटवली होती, आणि त्या म्हशीचा रंग यामिनीच्या उसन्या रंगापेक्षाही हिरवा होता.

चौकशी समितीपुढे यामिनीने कारणं दिली नाहीत. तिने एवढंच म्हटलं, "मला शिक्षा करा. पण लाल रंगालाच शिक्षा ठेवलीत, तर माणसं ताण कमी करणार नाहीत, रंग लपवतील. ताप आल्यावर नोकरी जाणार असेल तर माणूस थर्मामीटर फोडतो."

समितीत डॉक्टर इनामदार नावाच्या बाई होत्या. त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधलं होतं. आजवर टिकली फक्त कामगाराच्या दंडावर होती. त्याच्या घरातल्या माणसाची एवढ्या महिन्यांची नोंद कुणाकडेच नव्हती, ती नकळत नानांनी दिली. बाईंनी नानांची परवानगी मागितली आणि पुढे स्वखुशीने तयार झालेल्या अनेक घरांत सगळ्यांनाच टिकल्या लावून पाहिल्या. उत्तर घरोघर सारखंच आलं. दमलेलं माणूस दारातून आत आलं की घरातल्या बाकीच्यांचा संध्याकाळचा उतार थांबत होता, लहान मुलांचासुद्धा. थकवा एकट्याचा नसतो, तो माणसाबरोबर घरी येतो.

त्यातून 'सारथ्य'चे नियम बदलले. लाल झालेल्याने विश्रांती घ्यायची आणि परत आपल्याच टेबलावर यायचं. पाळी लहान झाली. घाट उतरलेला ट्रक चाकं थंड होईपर्यंत उभा करतात, तशी पाळीच्या शेवटी सगळ्यांनी टेबल सोडून थोडा वेळ नुसतं बसायचं, चालायचं, गप्पा मारायच्या, आणि मगच घरी जायचं, असं ठरलं. फरीदा मॅडमनी तो नियम सगळ्यात आधी स्वतःला लावला.

यामिनीचे निलंबनाचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मिक्सर फिरला तरी तिला ट्रकची हाक ऐकू यायची. नानांच्या सवयी तिने अंगावर चढवून पाहिल्या, पण त्या तिच्या मापाच्या नव्हत्या. माळ्याच्या गप्पांत तिला जांभया येत, आणि मुकाट्याने जेवताना घाटच समोर उभा राही. नानांनी तिला एकदाही उपदेश केला नाही. "माझी सवय तुला कशाला हवी? तुझी शोध," एवढंच म्हणाले.

ती सापडली अचानक. महापालिकेच्या तरणतलावाशेजारून जाताना तिने सहज नाव घातलं. पोहता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तोंड पाण्यात घालताच तिच्या डोक्यात एकच विचार उरला, पुढचा श्वास. तेवढ्या वेळात एकही ट्रक आठवला नाही. ओल्या केसांनी घरी येताना तिला भूक लागली, खरीखुरी, आणि ती लहान मुलीसारखी दोन वडे खाऊन आली. हळूहळू झोप सुधारली. टिकली लावायला आता तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती लावायची आणि पिवळ्याकडे राग न धरता बघायची.

हर्षल पहिल्यांदा चिडला होता, बायकोवर आणि वडिलांवरही. मग एका रविवारी तो स्वतःच म्हणाला, "मी फोनवर नानांना गप्प बसायला मदतच केली की." त्यानंतर तो शनिवारी आला की त्याचा फोन सोमवारपर्यंत बॅगेतच राहायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात यामिनीला घाटाचं टेबल परत मिळालं. दिवस चांगलाच कसोटीचा गेला. एक टँकर वळणावर अडला होता आणि मागे रांग लागली होती. पाळी संपल्यावर ती ठरल्याप्रमाणे थोडा वेळ बसली, तलावावर गेली आणि अंधार पडायच्या आत घरी आली. नाना दारातच उभे होते.

"मी स्कूटर घेणार आहे," त्यांनी जाहीर केलं.

"कुठली स्कूटर?"

"विजेवरची. निळी. बघून आलो."

"नाना, तुम्ही पंचाहत्तरीला आलात!"

"म्हणून तर आत्ता घेतोय. नव्वदाव्या वर्षी घेऊ?"

"अजिबात नाही. रस्त्यावर काय काय होतं ते मी रोज बघते!"

"तू पडद्यावर बघतेस! मी रस्त्यावरून चालतो, रोज, नव्या गल्लीतून! मला सांगू नकोस रस्ता!"

"मी सांगणारच! पडलात तर करायचं कोणी?"

"पडलो तर उठेन! आणि तुझ्या परवानगीने काय म्हणून? माझं पेन्शन, माझी तंगडी!"

नानांचा आवाज जिन्यापर्यंत गेला होता. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं नव्हतं, हाताकडे नाही की पायाकडे नाही. मिशी थरथरत होती आणि चेहरा लालबुंद झाला होता. यामिनीही कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा आवाजही कमी नव्हता.

शनिवार होता. हर्षल आंघोळ अर्धवट सोडून, अंगाला टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आला. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," नाना त्याच्याकडे वळूनही न बघता म्हणाले. "भांडतोय आम्ही. तू जा, साबण धू."